पोराला सुट्टी का मिळत नाही? बीएसएफमधल्या नफरीचा हिशोब

मागच्या श्रावणातली गोष्ट. अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, सातबारा, पीकविमा, भरतीचे फॉर्म, सगळं करतो. तर शेजारच्या खेड्यावरच्या एक मावशी आल्या, हातात मोबाईल आणि डोळ्यात पाणी. पोरगा बीएसएफमध्ये, म्हणजे सीमा सुरक्षा दलात, बांगलादेश बॉर्डरला. घरी कानबाई (आमच्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) बसायची होती, भाऊबंदकी सगळी जमणार, तिच्या रोटांचं दळण पण ठरलेलं, आणि पोराचा फोन आला की सुट्टी नामंजूर झाली. मावशी मला म्हणाल्या, "दादा, तुले कागदपत्र समजतस, तू सांग, इतली मोठी फौज शे, मना एक आंडोर पंधरा दिन घर उना ते काय बिघडी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साहेब खडूस असेल असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली आणि ते मला रात्रभर टोचत राहिलं. आमच्या भाऊबंदकीत एक जिभाऊ आहेत, बीएसएफमधून रिटायर झालेले, पण ते मिनिस्टेरियल, म्हणजे बटालियनच्या ऑफिसात बसून माणसांचे कागद सांभाळायचे, कोण आला, कोण गेला, कोणाची बदली, कोणाची सुट्टी, कोणाचं प्रमोशन अडकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांनी वहीच्या मागच्या पानावर जो हिशोब करून दाखवला तो इथं सोप्या शब्दात मांडतोय, कारण खान्देशातल्या किती घरांमध्ये हाच प्रश्न आहे हे मला दुकानात रोज दिसतं.

आधी थोडक्यात, बीएसएफ काय आहे. पुष्कळ जण तिला आर्मीच समजतात, तसं नाही, ती गृह मंत्रालयाच्या हाताखाली आहे. 1965 पर्यंत पाकिस्तानची बॉर्डर त्या त्या राज्याचे पोलीस सांभाळायचे. त्या वर्षी 9 एप्रिलला कच्छमध्ये सरदार पोस्टवर पाकिस्तानी फौजेचा हल्ला झाला, तिथं सीआरपीएफच्या जवानांनी तो अडवला, पण सरकारच्या लक्षात आलं की बॉर्डरसाठी वेगळंच दल पाहिजे. मग 1 डिसेंबर 1965 ला बीएसएफ उभी राहिली. पहिले डीजी, म्हणजे महासंचालक, के. एफ. रुस्तमजी, जन्म आपल्या नागपूरजवळच्या कामठीचा. सुरुवातीला साधारण 25 बटालियन होत्या आणि त्या बहुतेक निरनिराळ्या राज्यांच्या सशस्त्र पोलिसांमधून आलेल्या, म्हणजे पहिल्याच दिवशी रुस्तमजींच्या पुढ्यात जे काम होतं ते बंदुकीचं नंतर आणि माणसांचं आधी होतं, वेगवेगळ्या राज्यांच्या नियमांत वाढलेली माणसं एका पगारात, एका शिस्तीत, एका नावाखाली आणायची. आज दल अडीच लाखांच्या वर गेलंय. पाकिस्तानची सुमारे 3,323 किलोमीटर आणि बांगलादेशची सुमारे 4,096 किलोमीटर बॉर्डर यांच्याकडे आहे (पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या एलओसीवर आर्मी मुख्य असते, बीएसएफ तिच्या सोबत). चीनकडे आयटीबीपी, नेपाळ-भूतानकडे एसएसबी, म्यानमारकडे आसाम रायफल्स, अशी वाटणी आहे.

आता मावशींचा प्रश्न. अडीच लाख माणसं, मग एक कमी पडला तर काय झालं?

शेताचं उदाहरण घेऊ, जिभाऊंनी तेच घेतलं. समजा रावेरकडे तुमची केळीची बाग आहे आणि बागेच्या एका कोपऱ्यावर चोवीस तास एक माणूस उभा पाहिजे, दिवस असो रात्र असो, पाऊस असो. एक माणूस आठ तास उभा राहील, म्हणजे दिवसाला तीन माणसं लागली. पण तो माणूस वर्षाचे 365 दिवस उभा राहणार आहे का? जवानाला वर्षाला 60 दिवस अर्न्ड लीव्ह आणि 15 दिवस कॅज्युअल लीव्ह, झाले 75 दिवस. शिवाय फायरिंगची प्रॅक्टिस, कोर्स, मेडिकल, कोर्टाची साक्ष, कधी आजारपण, यात समजा 40 दिवस जातात (हा आकडा आमचा, हिशोबापुरता धरलेला). 365 मधून 75 गेले, 40 गेले, उरले 250. म्हणजे त्या एका कोपऱ्यावर वर्षभर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या चालवायच्या तर तीन माणसं पुरतच नाहीत, साडेचारच्या आसपास लागतात. आणि बॉर्डरवर रात्री एकटा माणूस उभा करत नाहीत, जोडी असते, तिन्ही पाळ्यांना जोडी धरली तर नऊ झाले. एका कोपऱ्याला नऊ माणसं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं समजतं.

फौजेत या संख्येला नफरी म्हणतात. कागदावर नफरीचे तीन आकडे असतात आणि बाहेरच्या माणसाला फक्त पहिला माहीत असतो. पहिला मंजूर नफरी, म्हणजे सरकारने इतकी पदं दिलीत. दुसरा प्रत्यक्ष भरलेली, म्हणजे त्यातली काही पदं रिकामी असतात कारण कोणी रिटायर झाला, कोणी नोकरी सोडली, नवीन पोरं अजून ट्रेनिंगमध्ये आहेत. आणि तिसरा हजर नफरी, आज संध्याकाळी रोल कॉलला खरोखर किती उभे आहेत. सुट्टीवर गेलेले वजा, दवाखान्यातले वजा, कोर्सवाले वजा, वरच्या ऑफिसात अटॅच केलेले वजा. हे अटॅचमेंट प्रकरण जिभाऊंना मनापासून खटकायचं, नाव या बटालियनच्या नफरीत, पगार या बटालियनच्या नावावर आणि माणूस दुसरीकडेच, मग त्याच्या वाटची रात्र दुसऱ्या कोणालातरी जागावी लागते. मला वाटतं माणसं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची खरी परीक्षा इथं होते, तो अशा अटॅचमेंटना किती वेळा नाही म्हणतो.

त्यात निवडणुका. आपल्याकडे मतदान केंद्राबाहेर वेगळ्याच वर्दीतले जवान दिसतात ना, त्यात पुष्कळदा बॉर्डरवरून उचलून आणलेल्या कंपन्या, म्हणजे बटालियनमधल्या तुकड्या, असतात. कंपनी गेली म्हणून बॉर्डर लहान होत नाही, मागे राहिलेल्यांच्या ड्युट्या वाढतात आणि सुट्ट्या थांबतात. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्पच बसल्या, कारण आपल्याच गावातल्या शाळेबाहेर उभा असलेला जवान पण कोणाचा तरी आंडोर होता.

आता शंभर दिवसांची गोष्ट, ही सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलेली आहे. 2019 मध्ये गृहमंत्री अमित शाह यांनी जाहीर केलं की केंद्रीय दलांच्या जवानाला वर्षाला 100 दिवस कुटुंबासोबत मिळावेत. मनापासून चांगला विचार आहे, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण वहीवर हिशोब करून बघा. 75 चे 100 झाले म्हणजे माणशी 25 दिवस वाढले. बटालियनमध्ये हजार माणसं धरली तर 25 हजार माणूस-दिवस कमी पडले. आणि आता एक माणूस वर्षाला 250 नाही तर 225 दिवसच हाताशी असणार, म्हणून 25 हजारला 225 ने भागा, 111 येतात. म्हणजे एका बटालियनला जवळजवळ एक अख्खी कंपनी जास्तीची पाहिजे, तेव्हा कुठं तेवढीच बॉर्डर तेवढ्याच डोळ्यांनी राखून सगळ्यांना शंभर दिवस देता येतील. पदं वाढवली नाहीत, रिकामी पदं वेळेत भरली नाहीत आणि घोषणा फक्त खाली पाठवली, तर कंपनी कमांडरने माणसं आणायची कुठून? डिसेंबर 2024 मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत सगळी दलं मिळून 6,302 जणांनी कुटुंबासोबत 100 दिवस काढले. सगळी दलं मिळून. सुट्टी वाढवायची असेल तर वाट भरतीतून जाते, आधी पदं भरा.

मग हे सगळं चालवतो कोण? दिल्लीला लोधी रोडवर सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये बीएसएफचं हेडक्वार्टर आहे, तिथं पर्सोनेल म्हणून शाखा आहे आणि तिच्यावर आयजी (महानिरीक्षक) दर्जाचा अधिकारी असतो. खासगी कंपन्यांमध्ये ज्याला एचआर हेड म्हणतात तोच हा माणूस समजा. फरक एवढाच की कंपनीच्या एचआरला माणूस कमी पडला तर तो जाहिरात देतो, पगार वाढवून दुसरीकडून ओढतो, काम बाहेर देतो. इथं यातलं काहीच करता येत नाही. पगार वेतन आयोग ठरवतो, पदं सरकार मंजूर करतं, जवानांची भरती स्टाफ सिलेक्शन कमिशन करतं, अधिकाऱ्यांची यूपीएससी. त्याच्या हातात राहतं ते म्हणजे असलेली माणसं कुठं, किती दिवस, कोणाच्या जागी. आणि आणखी एक, इथं युनियन नाही. बीएसएफ कायदा 1968 चा आहे, त्यात परवानगीशिवाय संघटना करायला बंदी आहे. फॅक्टरीतला कामगार नेत्याकडे जाऊ शकतो, जवानाला त्याच्या वरच्या साहेबाकडेच जावं लागतं, अर्ज देऊन, नाहीतर सैनिक संमेलनात उभं राहून. म्हणून या दलात माणसांचं ऐकणारी शाखा बहिरी झाली तर जवानाला दुसरा कानच नाही. मला तर या अख्ख्या विषयातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

भरतीकडे येतो, कारण माझ्या दुकानात याचीच गर्दी असते. पारोळा रोडला, धुळ्याच्या हायवेला, शहाद्याकडे पहाटे चारला पोरं पळताना दिसतात ती याच्यासाठी. जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबलची परीक्षा एसएससी, म्हणजे तेच स्टाफ सिलेक्शन कमिशन, घेतं, दहावी पास, वय 18 ते 23, ओबीसीला 3 वर्षं आणि एससी-एसटीला 5 वर्षं सूट. पेपर कॉम्प्युटरवर असतो, आणि 2024 पासून तो मराठीतसुद्धा देता येतो, हिंदी-इंग्रजीसोबत 13 प्रादेशिक भाषा आल्या. हा बदल पेपरात छोट्या बातमीत आला पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरासाठी किती मोठा आहे ते मी बघितलंय. मैदानात मुलांना 5 किलोमीटर 24 मिनिटांत, मुलींना 1.6 किलोमीटर साडेआठ मिनिटांत. उंची मुलांना 170 सेंटीमीटर, पण एसटीसाठी 162.5, आणि नोटिफिकेशनमध्ये गढवाली, कुमाऊँनी, डोगरा यांच्या सोबत मराठा असा शब्द आहे, त्यांना 165. सर्टिफिकेट त्यांनी दिलेल्याच नमुन्यात लागतं, आपल्या मनाने काढलेलं चालत नाही, आणि ते मैदानाच्या दिवशी हातात पाहिजे. एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर जास्तीत जास्त मार्कांच्या 5 टक्के बोनस, बी ला 3, ए ला 2. कॉलेजला एनसीसी असेल तर पोरांनो सोडू नका. अग्निवीरांसाठी पण राखीव जागा आहेत, 2022 ला 10 टक्के जाहीर झाल्या आणि नंतर नियम बदलत गेलेत, म्हणून दरवर्षीची जाहिरातच वाचायची. गोंदणाबद्दल पण विचारतात. डाव्या हातावर आतल्या बाजूला नाव किंवा देवाचं चिन्ह, तेही लहान असेल तर चालतं, मोठं कोरून घेतलेलं अडचणीत आणतं.

आता यात नफरीवाल्यांचं डोकं कसं चालतं ते बघा. जागा सगळ्या देशाच्या एका यादीत नसतात. बॉर्डरवरच्या दलांमध्ये 60 टक्के जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात, 20 टक्के बॉर्डरवरच्या जिल्ह्यांना आणि 20 टक्के नक्षल किंवा दहशतवादग्रस्त भागाला. म्हणजे जळगावच्या पोराची स्पर्धा बिहारच्या पोराशी नाही, महाराष्ट्रातल्याच पोरांशी आहे, म्हणून डोमिसाईल इतकं महत्त्वाचं. असं का केलं? एक तर दलात सगळा देश दिसला पाहिजे. दुसरं, बॉर्डरच्या जिल्ह्यातल्या पोराला तिथली बोली, वाटा, नदीचं पाणी कधी चढतं, हे ट्रेनिंगशिवायच माहीत असतं. आणि तिसरं, ज्या भागात बंदूक चुकीच्या हातात जायची भीती आहे तिथल्या पोराला सरकारी वर्दी मिळाली तर त्याच्या अख्ख्या गावाचं तोंड वळतं. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

आचारी, न्हावी, धोबी, पाणीवाले हे ट्रेड्समन म्हणून वेगळे भरतात, आणि जिभाऊंसारखे मिनिस्टेरियल वेगळे. लोक त्यांना कमी समजतात. कच्छच्या रणात पोस्टवर आचारी आला नाही तर बंदूकवाल्यालाच चुलीपुढे बसावं लागतं, आणि मग कुंपणावर एक कमी.

भरतीतली खरी अडचण वेळेची आहे. आज एक जवान रिटायर झाला तर त्याच्या जागी उभा राहणारा पोरगा आज फॉर्म भरत नाहीये, त्याने तो फार आधी भरलेला असला पाहिजे, मग परीक्षा, मैदान, मेडिकल, कागद तपासणी, आणि मग कित्येक महिन्यांचं ट्रेनिंग, त्यानंतर कुठं तो रात्रीच्या नाक्यावर उभा राहतो. महाराष्ट्रात लातूर जिल्ह्यात चाकूरला बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर आहे, अधिकाऱ्यांची अकॅडमी ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला, आणि हत्यारांची शाळा आपल्या आग्रा रोडवरच, इंदूरला. तर पर्सोनेलच्या माणसाला दोन-तीन वर्षं पुढचं दिसावं लागतं. रिटायर कोण कधी होणार ते जन्मतारखेवरून कळतं, पण मधेच सोडून जाणारे कळत नाहीत, आणि ते हजारोंनी जातात. दुसरं, 2019 मध्ये रिटायरमेंटचं वय सगळ्यांना 60 केलं, आधी कमांडंट (बटालियनचा प्रमुख) पर्यंतच्या लोकांना 57 होतं. त्याने जवानाला तीन वर्षं जास्त पगार मिळाला, चांगलंच झालं, पण बटालियनचं सरासरी वय वर गेलं, आणि 58 वर्षांचा माणूस 25 वर्षांच्या पोरासारखा रात्रभर चिखलातून गस्त घालू शकत नाही. एका निर्णयाचं टोक असं दुसरीकडे निघतं.

बदल्यांचं सांगतो. भुसावळला पंजाब मेल लागते ना, मुंबईहून येणारी, ती जाऊन थांबते फिरोजपूरला, आणि फिरोजपूरपासून थोड्याच अंतरावर हुसैनीवाला, तिथं देश संपतो. आपली पोरं याच गाडीने पंजाबात जातात, हावड्याकडच्या गाडीने बंगालात आणि तापी लाईनने सुरतमार्गे कच्छकडे. पण या तिन्ही नोकऱ्या सारख्या नाहीत. पंजाबात कुंपणाच्या पलीकडे पण आपल्याच शेतकऱ्यांची शेती आहे, गेट उघडून त्यांना सोडायचं, संध्याकाळी मोजून परत घ्यायचं. जैसलमेरला वाळू आणि पन्नाशीला टेकणारा उन्हाळा. कच्छच्या खाड्यांत चिखल आणि खारं पाणी. बंगालात नदीच बॉर्डर, पावसाळ्यात ती आपली जागा बदलते आणि गाव कुंपणाला चिकटून. दोन पोस्टमधलं अंतर साडेतीन किलोमीटरपर्यंत आणायचं असं सरकारचं उद्दिष्ट आहे, पण रात्रीच्या अंधारात साडेतीन किलोमीटर म्हणजे अमळनेर स्टेशनपासून गाव ओलांडून शेतात, तेवढं चार डोळ्यांनी बघायचं.

म्हणून बटालियन काही वर्षांनी कठीण जागेवरून सोप्या जागी आणि परत, अशी फिरवतात. इथंच न्याय लागतो. कोणाची बायको पण दलात आहे, कोणाचं मूल जन्मापासून आजारी, कोणाची आई एकटी, कोणाची रिटायरमेंटची शेवटची वर्षं आहेत आणि त्याला घराजवळ यायचंय, या सगळ्यांचे अर्ज खरे असतात. आणि एकाला सोपी जागा दिली की दुसऱ्या कोणाची तरी कठीण जागेवरची मुदत लांबते, ज्याने अर्जच केला नव्हता. जिभाऊ म्हणाले, "जवान कठीण जागेला घाबरत नाही रे, त्याला फक्त हे दिसलं पाहिजे की माझ्यानंतर ज्याचा नंबर आहे तो खरंच येतो." वशिल्याने एक बदली थांबली की हजार माणसांना दोन दिवसात कळतं, लंगरमध्ये, म्हणजे जेवणाच्या जागी, तेच बोलणं असतं, आणि तो विश्वास परत यायला वर्षं लागतात.

प्रमोशनचा घोळ वेगळा. कॉन्स्टेबल पुष्कळ, हेड कॉन्स्टेबल त्याहून कमी, वर वर निमुळतं. म्हणून 10, 20 आणि 30 वर्षांवर एमएसीपी नावाची पगारवाढ मिळते, म्हणजे हुद्दा तोच, पगार वरच्या पायरीचा. घर चालतं, पण 18 वर्षं कॉन्स्टेबलच राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालतं ते पगारपत्रकात दिसत नाही. वरच्या अधिकाऱ्यांमध्ये पण हाच ताण आहे, दलातच वाढलेले अधिकारी म्हणतात वरच्या जागा आयपीएसवाले प्रतिनियुक्तीवर येऊन घेतात. त्यावर 23 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आयजी पातळीपर्यंतच्या अशा जागा दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, पण ज्याने पंचविसाव्या वर्षापासून पोस्टवर रात्री काढल्या त्याला वर जायची वाट बंद दिसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेडिकलमध्ये शेप-1 हा शब्द प्रत्येक जवानाच्या तोंडात असतो. शेप ही पाच इंग्रजी अक्षरं आहेत, पहिलं मनाच्या तब्येतीचं, मग कान, हातपाय, शरीर आणि डोळे. पाचही चांगले तर शेप-1, आणि प्रमोशनला हे लागतं. आता विचार करा, सगळ्यात पहिलं अक्षर मनाचं, पण गुडघा दुखतो हे जवान सांगेल, झोप येत नाही, जीव घाबरतो हे सांगणार नाही, कारण कॅटेगरी घसरली तर प्रमोशन गेलं आणि बंदूक काढून घेतली तर बरोबरचे काय म्हणतील. नियम चांगल्या हेतूचा, पण माणूस त्याच्यामुळेच लपवतो. सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे, 2020 ते 2024 या पाच वर्षांत केंद्रीय दलांतल्या 730 जणांनी स्वतःचा जीव घेतला, आणि कारणांत मुख्य आलेत ते घरातले प्रश्न, जवळच्याचं जाणं, नवरा-बायकोचं न पटणं, पैशाची ओढाताण, मुलांच्या शिक्षणाची काळजी. म्हणजे प्रश्न गावाकडे आहे आणि माणूस दोन हजार किलोमीटरवर. जमिनीच्या वाटणीचं भांडण, बहिणीच्या सासरची कटकट, हे सगळं तो फोनवर ऐकतो आणि त्याच रात्री मनातल्या मनात विचार करत उभा असतो, हातात भरलेली रायफल. म्हणून घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, त्याच्याशी बोलताना त्याला जेवलास का, झोपलास का हे आधी विचारा, आणि तो गप्प गप्प वाटला, बोलणं तुटक वाटलं तर कंपनीच्या नंबरवर फोन करून सांगायला लाजू नका. त्यात त्याची बदनामी नाही.

मुलींचं पण सांगायचं राहिलं. 2009 मध्ये महिला प्रहरींची पहिली तुकडी पंजाबातल्या खडकाँच्या ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडली आणि 2017 मध्ये तनुश्री पारीक बीएसएफच्या पहिल्या महिला लढाऊ अधिकारी झाल्या, त्या बिकानेरच्या. कुंपणाच्या गेटवर शेतात जाणाऱ्या बायकांची झडती बायकांनीच घ्यायची असते, म्हणून त्यांच्याशिवाय ते काम होतच नाही. पण पोस्टवर मुली पाठवायच्या तर एकटीदुकटी पाठवून चालत नाही, राहायची वेगळी जागा, संडास-बाथरूम, बाळंतपणाच्या रजेत बदली माणूस, हे आधी पाहिजे. नाहीतर यादीत नावं टाकून काही होत नाही. आमच्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या मुली वाढल्यात, अमळनेर-चोपड्याकडच्या, मला त्याचा फार आनंद आहे.

तर मावशी. पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या, मी त्यांना वहीवरचा तो एक कोपरा आणि नऊ माणसं दाखवली. मग आम्ही मुलाला फोन लावला आणि जिभाऊंनी सांगितलेलं विचारलं. कंपनीत वर्षाच्या सुट्ट्यांचा प्लॅन बनतो, त्यात त्याने नाव कुठं दिलंय? त्याने दिलंच नव्हतं, सण आला की मागू असं त्याचं चाललेलं, आणि सणाला सगळेच मागतात. घरात दुखणं असेल तर दवाखान्याचे कागद जोडायचे, नुसतं आई आजारी लिहून चालत नाही, लग्न असेल तर पत्रिका, शेतीचा खटला असेल तर तारखेची नोटीस, कारण कंपनी कमांडरला पण वर दाखवावं लागतं की या दहामधून मी याला का सोडला. आणि घरी येऊन सुट्टी वाढवायची असेल तर निघायच्या दिवशी रात्री नाही, आधी कळवायचं, उशिरा पोचलेला माणूस दुसऱ्याची सुट्टी खातो.

मावशी म्हणाल्या, "कानबाई ते गयी, मंग अखाजीले तरी येई ना तो?" अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या दोघी मुली पण माहेरी येतात. पोराने पुढच्या वर्षाच्या प्लॅनमध्ये अखाजीचे वीस दिवस मागितले. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, म्हणून मी दुकानातल्या कॅलेंडरवर अखाजीपासून मागे मोजत गेलो, येताना बंगालहून भुसावळपर्यंत लागणारे दिवस धरले, आणि ज्या तारखेला सकाळी आठला बुकिंग उघडेल तिच्यावर लाल पेनाने गोल करून कॅलेंडरचं ते पान मावशींना फाडून दिलं.